बाईचा कागद सापडत का नाही? स्त्रियांच्या इतिहासाचे अभिलेख, सोप्या भाषेत

जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर एक वाद पेटला. फातिमा शेख नावाची बाई कधी होऊनच गेली नाही, ते पात्र आपणच रचलं होतं, असा दावा एका पत्रकाराने केला. सावित्रीबाई फुल्यांच्या बरोबरीने शाळेत शिकवणारी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती ही फातिमा. दोन्ही बाजूंनी भरपूर धुरळा उडाला आणि मग सगळी चर्चा एका पत्रावर येऊन थांबली. पत्र सावित्रीबाईंचं, जोतीरावांना लिहिलेलं, तारीख १० ऑक्टोबर १८५६. आजारपणामुळे त्या नायगावला माहेरी गेल्या होत्या. आपल्या माघारी फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. म. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात हे पत्र छापलेलं आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो ग्रंथ १९८८ साली काढला.

म्हणजे एक बाई होती की नव्हती, हे ठरवायला हाताशी आलं काय, तर एका पत्रातली एक ओळ. त्याच काळातल्या पुरुषांबद्दल अर्ज, अहवाल, हिशेब, भाषणं, वर्तमानपत्रांतले मजकूर असं बरंच सापडतं. बायकांच्या बाबतीत एवढी टंचाई का? जे आहे ते कुठे ठेवलंय, आणि तुम्हाआम्हाला ते बघता येतं का?

## अभिलेखागार म्हणजे ग्रंथालय नव्हे

ग्रंथालयात छापलेली पुस्तकं असतात. एक प्रत हरवली तरी दुसरी कुठेतरी मिळते. अभिलेखागारात असतात ते अभिलेख, म्हणजे कुणीतरी आपलं काम करता करता तयार झालेले मूळ कागद: पत्रं, रोजनिशा, हिशेबाच्या वह्या, सभांची इतिवृत्तं, खटल्यांची कागदपत्रं, फोटो, ध्वनिफिती. ते आपल्यासाठी लिहिलेले नसतात, म्हणून तर त्यांची साक्ष मोलाची. आणि ते बहुतेक वेळा एकुलते एक असतात.

महाराष्ट्राचं सरकारी पुराभिलेखागार मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, त्याची सुरुवात १८२१ सालची. पुण्याला पेशवे दप्तर आहे, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. गोव्याच्या पोर्तुगीज दप्तराची परंपरा तर १५९५ पर्यंत मागे जाते. कागद काही कमी नाहीत. पुण्याच्या दप्तरात मोडीतले कागद कोट्यवधींच्या घरात आहेत.

## त्यात बायका नसतात का?

असतात. पण कशा असतात ते बघायला हवं. सरकारदरबारी बाईची नोंद होते ती बहुधा काहीतरी बिनसल्यावर. नवरा वारला आणि दत्तकाचा तंटा उभा राहिला, वतनावर दीराने हक्क सांगितला, बटीक (गुलाम बाई) म्हणून विकली गेली, गुन्हा दाखल झाला, की तिचं नाव कागदावर चढतं. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती शिक्षा कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. हा खटला झाला नसता तर या बाईचं नाव आज कुणाला ठाऊक असतं? आरोपी म्हणूनच ती इतिहासाला माहीत आहे. ती कुठे वाढली, काय गुणगुणायची, कुणावर तिची माया होती, यातलं काही कोर्टाच्या कागदात येत नाही, येण्याचं कारणही नाही.

उरलेलं आयुष्य घरात झालं आणि त्याचे कागदही घरातच राहिले. घर काही कागद जपण्यासाठी नसतं. दिवाळीची साफसफाई येते, वाटणी होते, वाडा पाडून इमारत उभी राहते. आजोबांच्या जमिनीचे कागद कपाटात जातात, आजीच्या ओव्यांची वही रद्दीत. कुणी दुष्टपणाने करत नाही हे, पण होतं असंच. काही कागद तर रिवाजाने नाहीसे झाले. मृत्यू कळवणारं पत्र घरात ठेवायचं नाही, वाचून लगेच फाडून टाकायचं, अशी आपल्याकडची रीत होती. बाळंतपणात गेलेल्या किती लेकीसुनांची बातमी अशा पत्रांतून आली आणि लगोलग फाटली असेल, त्याची मोजदाद आता होणं शक्य नाही.

## आहे तो कागद सापडत का नाही?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. वाळवी, पूर, आग यांच्याबद्दल आपण हळहळतो. पण यांतल्या कशानेही न गेलेला, कपाटात सुखरूप असलेला कागदही गेल्यात जमा असू शकतो, कारण तो कुठे आहे हे सांगणारी नोंदच नसते.

एखाद्या घरात फडताळभर सारखेच डबे असतात आणि एकावरही चिठ्ठी नसते. कुठल्यात मेतकूट, कुठल्यात भाजणी, हे घरातल्या जुन्या माणसाला झोपेतही सांगता येतं. ते माणूस गेलं की डबे तेवढे उरतात. अभिलेखागारात चिठ्ठीचं काम सूची करते: कागद कुणाचा, कुणाला, कधीचा, कशाबद्दल. सूची नसलेली दहा हजार पत्रं ही कुणालाही न वापरता येणारी दहा हजार पत्रं असतात.

आता बाईच्या बाबतीत सूची करणाऱ्याचीच पंचाईत होते, कारण तिचं नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नव्या नवरीचं नवं नाव लिहायचं, ही पद्धत मराठी घरांत परवापरवापर्यंत सर्रास होती, काही घरांत अजून आहे. त्या क्षणी माहेरचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळंच बदलतं. पहिल्या मराठी डॉक्टर आनंदीबाई जोशी कल्याणला जन्मल्या तेव्हा त्यांचं नाव यमुना होतं. रमाबाई रानडे देवराष्ट्र्यात जन्मल्या तेव्हा त्याही यमुनाच, यमुना कुर्लेकर. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका गोखले होत्या. लग्नाआधीचा त्यांचा एखादा कागद सापडला तर तो त्यांचाच, हे ओळखायला आधी एवढं माहीत हवं. यांची चरित्रं झाली म्हणून आपल्याला माहीत आहे. बाकीच्यांचं काय?

शिवाय 'सौ. अमुक', 'कै. तमुक यांची पत्नी', 'एक भगिनी' अशा सह्या. रखमाबाईंचं उदाहरण घ्या. बालपणी लावून दिलेलं लग्न नाकारून नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही, असं कोर्टात ठामपणे सांगणारी ही बाई. १८८५ साली त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' या नावाने. वडील जनार्दन पांडुरंग, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, आणि खटल्याचं नाव 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई'. वर्णानुक्रमाने लावलेल्या यादीत हिंदुस्थान गाजवणारा हा बाईचा खटला नवऱ्याच्या नावाखाली 'द'मध्ये जाऊन बसतो.

ही फक्त जुन्या काळाची गोष्ट नव्हे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली. मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतल्या या बायकांनी नोंदणीच्या वेळी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढंच सांगितलं होतं.

म्हणून चांगली सूची करणारा माणूस बाईची सगळी नावं एकमेकांना जोडून ठेवतो: माहेरचं, सासरचं, टोपणनाव, लेखनातलं नाव. 'यमुना' शोधलं तरी आनंदीबाईंकडे जाता आलं पाहिजे. हे काम वेळखाऊ आहे, त्याला जाणकार माणूस लागतो, आणि त्यासाठी पैसे द्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. इमारतीच्या उद्घाटनाला फीत कापता येते, सूचीच्या उद्घाटनाला नाही.

## "स्त्रियांचा वेगळा कप्पा कशाला? इतिहास सगळ्यांचाच असतो"

आक्षेप रास्त आहे, आणि आदर्श जगात वेगळा कप्पा लागला नसता. पण जे वेगळं शोधलं नाही ते सापडलं नाही, हा आपला अनुभव आहे. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' घ्या. विजयालक्ष्मीच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून तमाम स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिने पेटून बुलढाण्याच्या या बाईने पुस्तक लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, तेवढंच. मग पुस्तक असं गडप झालं की मराठी वाचकांसमोर पुन्हा यायला १९७५ साल उजाडलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं. मधली ९३ वर्षं मराठीत स्त्रियांच्या प्रश्नावर किती लिहिलं गेलं, आणि लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या आधी कुणी एवढं रोखठोक लिहून ठेवलंय याचा पत्ताच नव्हता.

पाचशे प्रती छापलेल्या पुस्तकाची ही गत. एकाच प्रतीच्या रोजनिशीचं काय होत असेल?

याच्या उलट मुक्ता साळवेचं. फुल्यांच्या शाळेतली ही चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत आला. तो आज वाचता येतो, कारण मिशनऱ्यांनी चालवलेल्या त्या नियतकालिकाचे अंक बांधून ठेवले गेले. शाळेच्या वहीत राहिला असता तर राहिलाच नसता.

## जिनं लिहिलंच नाही तिचं काय?

लिहिणं-वाचणं जिच्यापर्यंत पोचूच दिलं नाही, तिच्या कागदांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. तिच्याकडे जाऊन विचारावं लागतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी तेच केलं. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या, तोवर थकलेल्या बायकांना त्या गावोगाव जाऊन भेटल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. सभेला कोण गेलं, वर्गणी कुणी जमवली, परिषदेत कुणी ठराव मांडला, याची नावानिशी माहिती त्यात आहे. आणखी काही वर्षं उशीर झाला असता तर सांगणारं कुणी उरलं नसतं.

जात्यावरच्या ओव्यांचंही असंच. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता 'परी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत. नुसत्या शब्दांत नाही, कित्येक तर गाणाऱ्या बाईच्या आवाजात, तिच्या नावासकट आणि गावासकट. मला यातलं मोठं काम वाटतं ते नावाचं. लोकगीत म्हटलं की 'अनामिक' लिहून मोकळं व्हायची आपल्याला सवय. इथे ती अनामिक राहिली नाही.

बोलून घेतलेल्या इतिहासावर 'आठवणीचा काय भरवसा?' असा आक्षेप हटकून येतो. तारखांच्या बाबतीत आठवण चुकते, हे खरंच. म्हणून मुलाखत कुणी घेतली, कधी घेतली, प्रश्न काय विचारला, तिथे आणखी कोण बसलं होतं, हेही नोंदवून ठेवायचं असतं. सासू शेजारी बसलेली असताना सून काय सांगेल आणि एकटी असताना काय सांगेल, यात फरक पडणारच. पण सरकारी अहवालही कुणा माणसानेच लिहिलेला असतो, त्यालाही आपली बाजू असते. दोन्ही एकमेकांशी ताडून बघायचे.

## कागद मरतो कसा?

इथे एक उलटी गोष्ट दिसते. दोनशे वर्षांपूर्वीचं मोडी पत्र पुष्कळदा धडधाकट असतं, आणि १९५० सालच्या मासिकाचं पान मात्र हातात घेताच तुटतं. कारण कागदात आहे. जुना जुन्नरी किंवा दौलताबादी कागद चिंध्यांच्या, तागाच्या लांब धाग्यांचा, हाताने बनवलेला. त्यावरची शाई काजळाची, ती कागदाला खात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल असतं. ते उजेड आणि दमटपणा मिळाला की कागदाला आतून पोखरतं. पान पिवळं, मग तपकिरी होतं आणि शेवटी त्याचा भुगा होतो. नेमकी याच काळात बाई लिहू-छापू लागली. तिची पुस्तकं, 'स्त्री'सारखी मासिकं (हे किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केलं), मोर्च्यांची पत्रकं, सगळं या मरणाऱ्या कागदावर आहे. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. अशा आंदोलनांची पत्रकं तर सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या साध्या यंत्रावर, हाती येईल त्या कागदावर काढलेली असायची.

वरून कोकण-मुंबईचा पावसाळा, कसर, वाळवी आणि बुरशी. आणि पूर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमधल्या घरांबरोबर घरातले कागदही गेले. जुलै २०२१ मध्ये चिपळूणने तेच पाहिलं.

घरात जुनी पत्रं असतील तर चार-पाच गोष्टी आजही करता येतील. टाचण्या, क्लिपा, रबरबँड हळूच काढून टाका. लोखंड गंजतं आणि गंज कागदातून आरपार जातो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद काही वर्षांत कागदात मुरतो, डाग पडतो आणि निघता निघत नाही. लॅमिनेशन तर मुळीच नको. इतकं नीटनेटकं दिसतं, म्हणून माणसं हौसेने करून आणतात आणि कागद कायमचा अडकवून टाकतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो निघत असतील तर काढा. सगळं धुतलेल्या, कोरड्या, बिनरंगी सुती कापडात बांधा आणि भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायची आपली जुनी पद्धत चांगली आहे, फक्त ती कागदाला लागू देऊ नका. कागद भिजले तर उन्हात वाळत घालू नका. टिपकागदावर पसरून पंख्याखाली ठेवा आणि दोन दिवसांच्या आत करा, त्यानंतर बुरशी धरते. आणि जुन्या कॅसेट असतील तर कागदांच्याही आधी त्यांच्याकडे वळा. फीत खराब होतेच, पण ती वाजवायची यंत्रं आणि दुरुस्त करणारे कारागीरही संपत चाललेत.

पत्रं ज्या क्रमाने, ज्या गठ्ठ्यात सापडली तो क्रम मोडू नका. अभिलेखागारातली माणसं याबाबत फार कडक असतात आणि त्यांचं बरोबर आहे. एखाद्या बाईने धाकट्या बहिणीची पत्रं आणि वाण्याची बिलं एकाच पुडक्यात बांधली असतील, तर त्यालाही काही कारण असेल. ते आपल्याला आज कळलं नाही तरी उद्या कुणाला कळेल. त्याचबरोबर कागद कुणाकडून कुणाकडे आला, हा प्रवास लिहून ठेवा. खरेपणाचा प्रश्न निघाला की सगळ्यात आधी तोच विचारला जातो. अस्सल कुठे आहे, नक्कल कुणी केली, छापताना काय बदललं? वर्षानुवर्षं चालणारे वाद या तीन प्रश्नांची उत्तरं असली की थोडक्यात मिटतात.

## "सगळं स्कॅन करून टाका ना!"

स्कॅन करायलाच हवं, कारण प्रत्येक वेळी मूळ कागद हाताळला की तो थोडा झिजतो. पण स्कॅन म्हणजे जपणूक झाली, असं मात्र नाही. मोबाइलमध्ये काढलेले पाचशे फोटो, प्रत्येकाचं नाव एक लांबलचक आकडा, ही परत तीच बिनसूचीची गत. छापील मराठी मजकूर संगणक आता बऱ्यापैकी वाचतो. हाताने लिहिलेलं, त्यातही मोडी, वाचायला जाणकार माणूसच लागतो. हार्ड डिस्क कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या गावात. हस्ताक्षर निदान ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) आणि फोटो ६०० ने स्कॅन करावेत. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकू नये. शाईचा रंग, घडीच्या खुणा, मागच्या बाजूला केलेला दुधाचा हिशेब, हे सगळं स्कॅनमध्ये येतंच असं नाही.

नीट केलं तर काय होतं याचं एक उदाहरण परदेशात आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्याचं दप्तर आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. १० ऑक्टोबर १८८५ चा त्यांचा फोटो, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलाय. तो तिथलाच. त्या फोटोत तिघी कोण, कुठल्या, केव्हाच्या, हे नोंदलेलं आहे म्हणून तो जगभर फिरला. लातूर किंवा रत्नागिरीच्या एखाद्या शाळकरी मुलीला तो घरबसल्या बघता येतो.

## मग सगळंच खुलं का नसतं?

पैसा आणि माणूसबळ ही कारणं आहेतच. त्याखेरीज दोन आहेत.

पहिलं कायद्याचं. पत्र आलं की कागद आपला होतो, पण मजकुराचा हक्क लिहिणारीचाच राहतो, तिच्या पश्चात वारसांचा. प्रकाशित लेखनावर लेखिकेच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. हयातीत न छापलेलं लेखन नंतर छापलं तर छापल्यापासून ६० वर्षं. लोकांना खुल्या असलेल्या संग्रहातलं अप्रकाशित लेखन लेखिकेच्या मृत्यूला ६० वर्षं उलटल्यावर अभ्यासासाठी वापरायला कायदा सवलत देतो. पण वारस कोण, कुठे, हेच माहीत नसलं की संस्था हात आखडता घेतात.

दुसरं कारण खासगीपणाचं, आणि ते मला जास्त वजनदार वाटतं. मारहाण, गर्भपात, सोडून दिलेलं लग्न, जातीबाहेरचं प्रेम, हे सगळं बायकांच्या पत्रांत असतं. तिने ते एका मैत्रिणीला सांगितलं होतं, जगाला नाही. शिवाय तिची मुलं-नातवंडं हयात असतात. त्यावर तोडगा आहे: कागद देतानाच लेखी अट घालता येते की अमुक इतकी वर्षं हे बंद ठेवा, किंवा नावं झाकून दाखवा. बंद ठेवणं आणि नष्ट करणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'घरातलं घरात राहू दे' म्हणून जाळून टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की जाळू नका, मोहोरबंद करून द्या.

## "आमच्या घरात कुणी थोर बाई नव्हती"

हे वाक्य फार ऐकू येतं. पण थोरांची पत्रं कुणीतरी जपतंच. कमी आहेत ते साधे कागद: महिला मंडळाचं इतिवृत्त, भिशीची वही, नर्सबाईंची रोजनिशी, शिलाईचा हिशेब, गिरणीतल्या पगाराच्या चिठ्ठ्या, बचतगटाची नोंदवही, पाककृतींच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली कविता. सार्वजनिक अभिलेखांचा १९९३ चा केंद्रीय कायदा १८९२ पूर्वीचा सरकारी कागद, तो पार निकामी झालेला असल्याखेरीज, नष्ट करायला मनाई करतो. घरातल्या आणि मंडळातल्या कागदाला असं कुठलंच संरक्षण नाही. तो राहायचा तर ठेवणाऱ्याच्या मर्जीवर राहतो.

द्यायचा कुठे? मुंबईत १९८८ साली सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी उभं केलेलं 'स्पॅरो' हे खास स्त्रियांच्या आवाजाचं आणि चित्रांचं अभिलेखागार आहे. एसएनडीटी विद्यापीठात १९७४ पासून स्त्री अभ्यास संशोधन केंद्र आहे, पुणे विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे. जिल्ह्याच्या गावातलं जुनं वाचनालय किंवा कॉलेजचा इतिहास विभागही चालेल, पण तिथे कागद नोंदवून घेतात का, सूची करतात का, वाचकाला बसू देतात का, हे आधी विचारा. देताना दानपत्र लिहून घ्या: काय दिलं, कोणत्या अटीवर, कुणाला बघता येईल. आणि सोबत एक पान जोडा, त्यावर बाईची सगळी नावं, जन्मगाव, सासर, फोटोत कोण कोण आहे, हे सगळं पेन्सिलीने सुवाच्य लिहा. फोटोच्या मागेही पेन्सिलच वापरा, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूने उमटतो.

## आपल्याच पणजीला शोधायचं असेल तर

सरकारी पुराभिलेखागारात जायचं तर अर्ज आणि ओळखपत्र लागतं, वाचनकक्षात पेन्सिलच न्यावी. तिथे 'स्त्रिया' असा विषय शोधू नका. तंटा कशाचा होता ते शोधा: दत्तक, वतन, पोटगी, विधवेची पेन्शन, शाळेचं अनुदान. नवऱ्याच्या, दीराच्या, मुलाच्या नावाने शोधा. पेशवाईतलं किंवा त्यानंतरच्या काळातलं काही असेल तर मोडी वाचणारं कुणीतरी बरोबर घ्या. मोडीचे वर्ग पुष्कळ ठिकाणी चालतात, काही आठवड्यांत अक्षर लागायला लागतं.

गावपातळीवर शाळेचं जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंदवही आणि तलाठ्याकडचे जुने फेरफार बघा. शेतकरी वारला की वारसांच्या नोंदीत विधवेचं आणि मुलींचं नाव येतं, एरवी आयुष्यभर जे कुठल्याच कागदावर आलेलं नसतं. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार महसूल खात्याच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. फेरफारात मुलीचं नाव लागून पुढे कमी झालेलं दिसलं तर दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र शोधा. भावांच्या नावे हिस्सा सोडताना तिने त्यावर सही किंवा अंगठा केलेला असतो, वय आणि राहण्याचं गाव लिहिलेलं असतं. फेरफारातलं साल आणि गट नंबर हाताशी ठेवून अर्ज केला की त्याची नक्कल मिळते.